बोलेरोची जाळी

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या दारव्हा तालुक्यातल्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडा आणि आत डोकावून बघा. एसीच्या कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसारख्या भागावर, कुटाराचा भुसा अडकलेला असतो, त्यात मेलेले किडे, आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे धावू लागल्या की त्यावर रुईचा पापुद्रा. रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रं चालू असतात, कुटार उडून अर्ध्या रस्त्यावर येतं, आणि आपण गाडी त्यातूनच काढतो. आमच्या बोलेरोच्या तोंडावरच्या मूळ जाळीला (ग्रिलला) उभ्या पट्ट्या होत्या, त्यांच्यामधून दोन बोटं सहज आत जायची. तिथे भुशाला कोण अडवणार?

म्हणून ती जाळी फुटली तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. रात्री पुतण्या खळ्यात गाडी वळवत होता, वीज गेलेली, आणि शेजारच्या काकांची बंडी, म्हणजे बैलगाडी, आडवी सोडलेली. बंडीची धुरी (पुढचा दांडा) सरळ जाळीत शिरली. मधल्या पट्ट्या तुटल्या. बाहेरची चौकट आणि दिवे मात्र शाबूत. नवीन जाळी मिळते, अस्सलही आणि डुप्लिकेटही. पण आणायची म्हणजे पुन्हा त्याच पट्ट्या आणि पुन्हा तोच भुसा. चौकट धड आहे तर आत आपल्या मनासारखी जाळी बसवावी, असं ठरवलं.

असल्या कामांचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं सापडतात. बहुतेकांचं लक्ष दिसण्यावर. काळीकुळकुळीत जाळी लागली, गाणं वाजलं, व्हिडिओ संपला. त्या जाळीतून रेडिएटरला हवा किती मिळणार, हे कुणी बोलत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. इथे गाडीच्या तोंडाला जे काही बांधाल त्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

माझी नजर आधी गेली ती कोठ्यात पडलेल्या मळणीयंत्राच्या जुन्या चाळणीवर. जाड पत्रा, ओळीनं गोल भोकं; काळा रंग मारला असता तर झकास दिसली असती. मोजपट्टी लावली. भोक 8 मिलिमीटरचं, एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाचा मध्य 12 मिलिमीटरवर, आणि रांगा एकाआड एक सरकवलेल्या. अशा मांडणीत उघडी जागा काढायला भोकाच्या व्यासाला त्या अंतरानं भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा आणि 0.907 नं गुणायचं. आले 40 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा पत्र्यानंच खाल्लेली. धान्य चाळायला ठीक, पण रेडिएटरचा श्वास कोंडायचा.

मग रेतीची चाळणी. हार्डवेअरवाल्याकडे तिची जाळी गुंडाळीनं मिळते. 2 मिलिमीटरची तार, मधलं घर 10 मिलिमीटरचं. 10 ला 12 नं भागून वर्ग केला की 69 टक्के उघडी जागा. हवेच्या दृष्टीनं उत्तम. पण लोखंडी, वजनदार, आणि मुख्य म्हणजे विणलेली. आकारात कापली की कडेच्या तारा सुटायला लागतात, त्यांना चौकटीत वेल्ड केल्याशिवाय गत्यंतर नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी हवेला अजिबात अडवत नाही, पण इतकी मऊ की रस्त्यावरचा एक खडा उडाला तरी खळगा पडेल. मच्छरजाळीचा हिशोब कागदावर बरा येतो, पण रुईनं ती दिवसभरात बुजते. तिचं काम पुढे निघालं, पण वेगळ्या जागी.

शेवटी यवतमाळच्या एका दुकानात ॲल्युमिनियमची एक्स्पांडेड जाळी मिळाली. हिची गंमत अशी की ही विणलेली नसते आणि जोडलेलीही नसते. अख्ख्या पत्र्याला एकाआड एक चिरा पाडतात आणि पत्रा ताणतात. चिरा उघडून शंकरपाळ्याच्या आकाराची घरं तयार होतात. सगळी जाळी एकसंध, त्यामुळे कुठूनही कापा, उसवत नाही. हलकी आहे, लोखंडासारखा गंज धरत नाही आणि हातानं वाकते. मी घेतली तिचं घर साधारण 20 मिलिमीटर लांब आणि 10 मिलिमीटर उंच होतं. दुकानदारानं वजनावर दिली, आणि जाळीचे पैसे रंगाच्या डब्यांपेक्षा कमीच पडले.

मदतीला घेतले ते आमच्या गावचे कूलरवाले मिस्त्री. उन्हाळ्यात त्यांच्याशी बोलायचीही सोय नसते, पण हिवाळ्यात ते मोकळे. पत्रा कापायची मोठी कात्री, दुमडायची पट्टी, रिव्हेटची पकड, सगळं त्यांच्याकडे. जाळी बघून म्हणाले, "भाऊ, गाडीले कूलर करून राह्यले का? मंग मांगून वाळाबी भरून घ्या, थंडी हवा येईन." तरी हात घातला.

जाळी गाडीवरून काढणं सोपं होतं. वरच्या कडेचे स्क्रू बॉनेट उघडलं की समोरच दिसतात, बाकीची चौकट खाचांमध्ये अडकवलेली. बंपरला हात लावावा लागला नाही. एक काळजी मात्र घ्यावी. थंडीच्या दिवसांत सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं असेल तर फारच. गाडी तासभर उन्हात तोंड करून उभी केली आणि मग खाचा सोडवल्या. एकही कान तुटला नाही.

काढलेली चौकट आधी उलटी करून बघावी. आतल्या बाजूला प्लास्टिकची जात बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. आमच्या चौकटीवर एबीएस होतं. क्रोमचा मुलामा ज्या प्लास्टिकवर चढवतात ते बहुधा हेच. एबीएसला गोंद धरतो, एसीटोननं ते विरघळतं, म्हणून चीर गेली असेल तर त्याचेच तुकडे एसीटोनमध्ये भिजवून केलेल्या लगद्यानं ती भरून निघते. बंपर मात्र बहुतेक गाड्यांचे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) जातीचे असतात, आणि पीपीवर नेहमीचा कुठलाही गोंद टिकत नाही. बंपरच्या भोकात जाळी बसवू पाहणाऱ्यांनी ही अक्षरं न वाचता गोंदावर पैसे घालू नयेत.

पट्ट्या कापायला हॅक्सॉचं नुसतं पातं वापरलं, एका टोकाला चिंधी गुंडाळून. मिस्त्री ग्राइंडर काढत होते, त्यांना थांबवलं. ग्राइंडरनं प्लास्टिक कापत नाही, वितळतं, आणि वितळलेला गोळा परत कडेला चिकटतो. क्रोमचा पापुद्रा कापताना उचलला जातो आणि त्याची कड ब्लेडसारखी लागते, म्हणून कापायच्या रेघेवर आधी चिकटपट्टी लावली. पट्ट्या मुळापासून काढल्या नाहीत. चौकटीला आतून बोटाच्या पेरभर ओठ ठेवला, जाळीला टेकायला जागा हवी म्हणून. मग कानस, मग पॉलिश पेपर. कंटाळवाणं काम, त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

साचा फवारणी पंपाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला. चौकट सपाट टेबलावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली तर साचा लहान येतो, कारण चौकट मधोमध थोडी पुढे आलेली असते. पुठ्ठा आतल्या बाजूनं त्या बाकावर दाबून धरायचा आणि मग रेघ मारायची. वर चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त. पुठ्ठ्यावर मध्यरेषा काढली, जाळीवरही घरांच्या एका उभ्या रांगेतून दोरा ताणला आणि दोन्ही जुळवले. ही मध्यरेषा अर्ध्या घरानं जरी सरकली तरी डाव्या दिव्याजवळ पूर्ण शंकरपाळं आणि उजव्या दिव्याजवळ अर्धं असं दिसतं, आणि एकदा दिसलं की रोज दिसत राहतं.

कापण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची असते, आणि ती मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नव्हती. एक्स्पांडेड जाळीच्या दोन बाजू सारख्या नसतात. पत्रा ताणताना प्रत्येक काडी पीळ खाऊन तिरकी होते, खिडकीच्या झडपेच्या पट्टीसारखी कलते. जाळी डोळ्यासमोर धरून वरून बघा, मग उलटी करून तसंच बघा. एका अंगानं पलीकडचं सगळं दिसतं, दुसऱ्या अंगानं जाळी जवळजवळ बंद झाल्यासारखी वाटते. गाडीसमोर उभा असलेला माणूस जाळीकडे नेहमी वरून खाली बघतो. म्हणून ज्या अंगानं वरून बघता आतला रेडिएटर झाकला जातो, ते अंग बाहेर ठेवलं. हवा समोरून येते, तिला तिथून वाट तेवढीच मिळते. घरांची लांब बाजू आडवी ठेवली. उभी ठेवली असती तर गाडीचं तोंड अरुंद दिसलं असतं, असं आपलं माझं मत. मिस्त्रींचं मत उलटं होतं.

काड्या जिथे मिळतात त्या गाठीपाशी कात्री चालवायची, मधोमध नाही. मधोमध कापलं की प्रत्येक ठिकाणी सुईसारखं टोक उरतं. चामड्याचे हातमोजे घालाच. कापडी मोज्यांतून ही टोकं आरपार जातात. बाक द्यायला सहा इंची पीव्हीसी पाइपावर जाळी ठेवून हातानंच दाबली, आणि कडा आत दुमडायला मिस्त्रींची पट्टी आणि कपडे धुण्याची लाकडी मोगरी. लोखंडी हातोडी मारली तर काड्या चपट्या होतात आणि तेवढाच डाग वेगळा चमकतो.

बसवण्यावरून आमचा थोडा वाद झाला. मिस्त्रींना एम-सीलचा लगदा कडेनं भरून मोकळं व्हायचं होतं. एम-सील दगडासारखं घट्ट होतं, आणि घट्ट होतं हीच तिथे अडचण. आमच्या पांदणीवरून रोज जाणाऱ्या गाडीत सगळं थरथरत असतं. कडक सांधा थरथरीनं तडकतो. प्लास्टिकचे केबल टाय उन्हानं तडकतात, तेही बाद. मग ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कापली, जाळीची दुमडलेली कड चौकटीच्या ओठावर ठेवली, वरून पट्टी, आणि मागून छोटे स्क्रू वॉशर घालून आवळले. स्क्रू स्टेनलेसचे घेतले, कारण साधा लोखंडी स्क्रू पावसाळ्यात गंजतो. पट्टीखाली काचा बसवायला वापरतात तो काळा पीयू सीलंट बारीक ओढला. तो रबरासारखा लवचीक राहतो आणि खडखड येऊ देत नाही.

रंग मात्र सगळं जोडण्याआधी, सुट्या भागांवरच मारला. ॲल्युमिनियमवर थेट रंग टिकत नाही. हाताला गुळगुळीत लागतं, पण वर हवेनं धरलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि दुकानातलं तेलही. म्हणून आधी भांड्याच्या साबणानं धुतलं, बारीक पॉलिश पेपरनं घासलं, थिनरनं पुसलं आणि त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा अस्तराचा रंग, मारला. लोखंडाला चालणारा रेड ऑक्साइड इथे नाही चालत. चौकटीच्या क्रोमलाही आधी खरवडावंच लागतं.

स्प्रेचा डबा घेऊन मोकळ्या अंगणात उभं राहणं आमच्या हवेत चालत नाही. दुपारच्या कोरड्या उन्हात रंगाचे थेंब जाळीवर पोचायच्या आधीच सुकतात आणि पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. संध्याकाळी वारा सुटतो आणि वाऱ्यात धूळ. पहाटे दव. सकाळी नऊ-दहाचा सुमार तेवढा आपला. कोठ्यातली जनावरं बाहेर बांधली, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, जाळी दोरीनं आढ्याला टांगली. डबा वीतभर लांब धरून पातळ हात. जाळी एका बाजूनं रंगवून चालत नाही. प्रत्येक काडीला चार अंगं असतात, म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे वेगवेगळे हात मारावे लागतात, आणि मग मागून. दोन हातांमध्ये रंग चिकटपणा सोडेपर्यंत थांबायचं. घाईनं जाड हात मारला की घराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचा थेंब लोंबतो. मॅट काळा घेतला. चकाकीचा घेतला असता तर आमच्याकडची धूळ त्यावर दुप्पट दिसली असती.

एवढं झाल्यावर जाळी देखणी झाली, पण 10 मिलिमीटरच्या घरातून भुसा अडणार थोडाच. मूळ दुखणं तिथेच. त्याचं उत्तर आमच्या दारातच उभं होतं. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडा: रेडिएटरच्या पुढे बारीक जाळीची एक सुटी चौकट असते. काम चालू असताना ती वर ओढायची, बांधावर झटकायची, परत खाली सरकवायची. तेच केलं. सरकत्या खिडक्यांच्या कामातून उरलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पन्हळ्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर उभ्या बसवल्या आणि त्यात खिडकीच्या स्टेनलेस मच्छरजाळीची चौकट वरून सरकवली. कंडेन्सरपासून तीन बोटं अंतर ठेवलं, म्हणजे एका जागी भुसा साचला तरी मागे हवा पसरायला जागा राहते. हॉर्न आड येत होता, त्याची पट्टी वळवून तो खाली घेतला. बॉनेटच्या खटक्यापर्यंत हात जातो की नाही हे आधीच बघून घेतलं होतं. तिथे जाळी आली तर रस्त्यात बॉनेट उघडताना तारांबळ.

आता बॉनेट उघडलं की ती चौकट एका हातानं वर येते. काढणीच्या दिवसांत संध्याकाळी झटकली की मूठ-मूठ कुटार पडतं. ती लावण्याआधी आत जुना साचलेला भुसा काढणं गरजेचं होतं. त्यासाठी पाणी मारायचं ते आतून बाहेर आणि हलक्या धारेनं. बाहेरून जोराची धार मारली की भुसा आणखी आत ठासला जातो आणि कंडेन्सरचे नाजूक पापुद्रे वाकतात. वाकले की तेवढी जागा हवेला कायमची बंद.

गावात गाडी बघून दोघा-तिघांनी विचारलं, एवढं केलं तर पुढे लोखंडी गार्ड का नाही टाकला, रस्त्यावर रोही आणि डुकरं आडवी येतात. प्रश्न खोटा नाही. पण बुल गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, असं केंद्र सरकारनं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलेलं आहे आणि त्याला दंड आहे. शिवाय समोर आलेल्या पायी माणसाला त्या नळ्या फार वाईट लागतात. जाळी चौकटीच्या आतच बसते, बाहेर काही डोकावत नाही, नंबर प्लेट झाकत नाही.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला घाट चढताना गाडी भरलेली, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर. मुद्दाम बारीक जाळी आत ठेवूनच चढायला लागलो. आधी कळलं ते एसीवरून. इंजिनचा काटा हलायच्या पुष्कळ आधी कंडेन्सरला हवा कमी पडते आणि एसीची हवा कोमट व्हायला लागते. मग काटाही मधल्या रेघेच्या थोडा वर गेला. एका वळणावर रुंद जागा बघून थांबलो, बारीक जाळी ओढून मागच्या सीटखाली टाकली, इंजिन थोडं निवू दिलं आणि उरलेला घाट फक्त पुढच्या जाळीवर चढलो. काटा मध्यावर बसला तो बसलाच, एसीही गार. म्हणजे बारीक जाळी सप्टेंबरच्या शेवटापासून कापूस संपेपर्यंत, आणि तीही सपाटीवर. उन्हाळ्यात तिची जागा भिंतीवरच्या खिळ्यावर.

पावसाळ्यानंतर पुढची जाळी सोडवून बघितली. सीलंट धरून आहे, स्क्रू ढिले नाहीत. खालच्या कडेला खड्यांनी रंग टिपला आहे, तिथे ब्रशनं दोन हात दिले. मिस्त्रींनी दोन ट्रॅक्टरवाल्यांना फाटलेल्या जाळीच्या जागी अशाच स्टेनलेसच्या चौकटी करून दिल्या, आणि कूलर नसलेल्या दिवसांत त्यांना एक काम मिळालं.

साडभाऊंना त्यांच्या नव्या गाडीला अशीच जाळी हवी होती. त्या गाडीत पुढचं वाहन ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे, आणि तिचं रडार पुढच्या बाजूलाच, लोगोच्या आसपास बसवलेलं. रडारच्या लहरी प्लास्टिकमधून जातात, धातूच्या जाळीतून धड जात नाहीत. त्यांना सांगितलं, पुढे हात लावू नका, हवं तर मागची बारीक जाळी तेवढी करून देतो, तीही रडारच्या खालून. ते म्हणाले, मग दिसणार काय? तिथेच त्यांचा बेत मागे पडला.